छातीतल्या पाण्याची स्लाईड: कॅन्सरच्या पेशी कशा शोधायच्या

नागपुरात लॅबला नवीन लागलेल्या मुलांसाठी लिहितोय. छातीतलं पाणी म्हणजे प्लुरल फ्लुइड आलं की पहिले बघा किती आहे. ५ मिलीच आलं असेल तर वॉर्डात फोन करून अजून मागा, ५० मिलीच्या वर असलं की बरं, अन् त्यात ईडीटीए किंवा हेपरिन (गुठळी होऊ न देणारी औषधं) हवं नाहीतर गुठळी होते आणि पेशी तिच्यातच अडकून बसतात. लगेच होणार नसेल तर फ्रीजमध्ये ४ डिग्रीला ठेवा, मे महिन्यात टेबलावर अजिबात नाही.

सेंट्रीफ्यूज मशीनमध्ये २००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा, वरचं पाणी ओता, खालच्या गाळाचे स्मिअर करा, म्हणजे स्लाईडवर पातळ थर पसरा. पॅप नावाच्या रंगाने रंगवायची स्लाईड ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेली पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरसमोर बसून स्मिअर केला तर जारपर्यंत हात जाईस्तोवर कडा वाळलेल्या असतात, मग न्यूक्लियस फुगतो, क्रोमॅटिन (न्यूक्लियसमधला डीएनएचा पदार्थ) पुसट होतं आणि साधी पेशीही संशयास्पद वाटायला लागते, म्हणून तेवढा वेळ कूलर बंदच ठेवा. गिम्सा या दुसऱ्या रंगाची स्लाईड मात्र मुद्दाम हवेत वाळवायची. उरलेला गाळ फेकू नका, सेल ब्लॉकला लागतो, म्हणजे गाळ मेणात बसवून त्याचे पातळ काप काढतात.

आता मायक्रोस्कोप. आधी १०एक्सवर पूर्ण स्लाईड फिरा. लिम्फोसाइट भरपूर दिसले की टीबी डोक्यात येतोच, एडीए (टीबीत पाण्यात वाढणारं एन्झाइम) बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका कारण कॅन्सरमध्येही लिम्फोसाइट वाढतात. सगळ्यात जास्त फसवतात त्या मेसोथेलियल पेशी, म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या पडद्याच्या अस्तराच्या साध्या पेशी, चिडलेल्या असल्या की मोठ्या होतात, दोन न्यूक्लियस, ठळक न्यूक्लिओलस (न्यूक्लियसमधला गडद ठिपका), सगळं असतं. पण शेजारच्या दोन पेशींमध्ये बारीक फट दिसते, आणि लहान-मोठ्या सगळ्या एकाच घरच्या वाटतात. तुम्हाला शोधायचीय ती त्यांच्यात न बसणारी दुसरी जात. ४०एक्सवर गुळगुळीत कडेचे गोल पुंजके, सायटोप्लाझममध्ये पोकळी, बाजूला ढकललेला न्यूक्लियस असं दिसलं तर अॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर) असू शकतो, स्लाईडवर खूण करून लगेच सरांना दाखवा.

नक्की कुठला ते सेल ब्लॉकवर पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून कळतं: कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक मेसोथेलियल, टीटीएफ-१ पॉझिटिव्ह असेल तर फुफ्फुसाकडे बोट जातं, अर्थात थायरॉइडमध्येही ते येतं. पेशंट बाई असेल तर ब्रेस्ट आणि ओव्हरी विसरू नका.

पहिल्या नमुन्यात साधारण ६० टक्केच कॅन्सर पकडले जातात. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे कॅन्सर नाहीच असं नातेवाइकांना कोणी सांगू नये. पाणी परत भरलं तर परत पाठवायला सांगा, तरीही संशय राहिला तर छातीच्या डॉक्टरांशी बोलून प्लुरल बायोप्सीचं ठरवावं लागतं.