वाण्याकडे माल ठेवताना
शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी असं काही वाण्याकडे विकायला ठेवणार असाल, तर पहिल्या खेपेला डझनभरच पाकिटं द्या. दुकानदार ‘ठेवून जा की खोकंभर’ म्हणेल, भुलू नका. दाण्यात तेल असतं. काचेच्या कपाटावर दुपारचं ऊन आलं की चटणी मुदतीआधीच खवट होते आणि नाव तुमचं खराब होतं, दुकानाचं नाही. पुढच्या खेपेला जुनी पाकिटं स्वतःच्या हाताने पुढे ओढा, नवी मागे लावा. लेबलवर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ अंकी क्रमांक, बॅच नंबर, वजन, एमआरपी हवंच. न खपलेला माल कोण सोसणार, हे कमिशन ठरवतानाच बोलून घ्या. आणि मागचं बिल चुकतं झाल्याशिवाय नवा माल उतरवू नका, दुकान मामाचं का असेना!