रोजचे वचनवाचन: थोडे, सावकाश आणि मोठ्याने

नव्या वर्षाच्या उपासनेनंतर संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, एका वर्षात वाचून काढण्याचा निश्चय मी आजवर तीनदा केला आणि तिन्ही वेळा लेवीय पुस्तकात अडकलो. हिशेब सरळ आहे. ६६ पुस्तकांचे मिळून १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीनहून थोडे अधिक. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय जानेवारीत होऊन जातात, आणि महिनाअखेरीस लेवीयमधले होमबलीचे, म्हणजे वेदीवर जाळायच्या अर्पणाचे, नियम समोर आले की दोन दिवस चुकतात, चुकलेले अध्याय साठत जातात आणि वाचनाची थकबाकी होऊन बसते. शास्त्राचा अभ्यास म्हणून असे वाचन अवश्य करावे. परंतु रोजच्या प्रार्थनेसाठी जे वाचायचे त्याचा हेतू निराळा असतो, आणि त्यासाठी आठ-दहा वचने, म्हणजे अध्यायातली क्रमांक दिलेली वाक्ये, पुरतात.

वेळ ठरवताना आपल्या घराकडे पाहावे. ज्या घरात नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते आणि आले की घरातला प्रत्येक माणूस हंडे-बादल्या घेऊन धावतो, त्या घरातील गृहिणीला पहाटेची शांत वेळ पाळण्याचा उपदेश करण्यात अर्थ नाही. तिने दुपारी भांडी आवरल्यावर वाचले तरी चालेल. जे काम रोज न चुकता होतेच, उदाहरणार्थ धार काढणे, पहिला चहा किंवा दुकानाचे शटर उघडण्यापूर्वीची झाडलोट, त्याला वाचन जोडून द्यावे, म्हणजे ते निराळे लक्षात ठेवावे लागत नाही. जागेचेही तसेच आहे. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १९व्या शतकात जी वस्ती वसवली तिचे नाव त्यांनी बेथेल ठेवले. बेथेल म्हणजे देवाचे घर. पण उत्पत्तीच्या २८व्या अध्यायात हे नाव ज्या जागेला मिळाले ती उघड्यावरची होती आणि याकोबाच्या उशाला नुसता धोंडा होता.

कोणते भाषांतर घ्यावे, यावर फार खल करू नये. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, जे वाचले जाते, बहुधा बायबल सोसायटीचे, तेच घरी असावे, कारण रविवारी कानावर पडलेले शब्द सोमवारी डोळ्यांसमोर आले की ते मुरतात. एखादे वाक्य जड वाटले, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल शेजारी ठेवावे. कॅथलिक परंपरेप्रमाणे त्यातील पुस्तकांची संख्या ६६ नसून ७३ आहे, एवढे ध्यानात असले म्हणजे गोंधळ होत नाही. मोबाईलवर वाचण्यास हरकत नाही, मात्र तेवढा वेळ इंटरनेट बंद ठेवावे.

काय वाचावे, याचे उत्तर तारखेत आहे. पवित्र शास्त्रातील स्तोत्रे १५० आहेत आणि अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने ती फार पूर्वीच महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिली. त्याच कल्पनेचे एक सोपे रूप असे: आजची तारीख घ्यावी आणि तिच्यात तीस-तीस मिळवत जावे. पाच तारखेला ५, ३५, ६५, ९५ आणि १२५ ही स्तोत्रे येतात. त्यांतले कोणतेही एक वाचावे, पाचही वाचण्याचा हट्ट धरू नये. पाच जूनला मी ६५वे घेतो. मृग दोन दिवसांवर आलेला असतो, रान नांगरून, पाळ्या घालून पडलेले असते, आणि त्या स्तोत्राच्या दहाव्या वचनात देव नांगराच्या तासांना भरपूर पाणी देतो, जमीन सरींनी मऊ करतो आणि तिच्या अंकुरांना आशीर्वाद देतो. टँकरची वाट पाहून कंटाळलेल्या माणसाला हे वचन समजावून सांगावे लागत नाही. एकतीस तारखेला काय, असा प्रश्न येईल; त्या दिवशी ११९व्या स्तोत्रातील आठ वचनांचा एक भाग घ्यावा. असे २२ भाग असल्यामुळे तीन वर्षे ते पुरते. स्तोत्राबरोबर शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत, असावे, आणि आरंभासाठी मार्क उत्तम, कारण ते सर्वांत लहान, अवघ्या सोळा अध्यायांचे आहे. आपल्या छापील प्रतीत परिच्छेदांना शीर्षके दिलेली असतात. एका दिवशी एक शीर्षक, त्यापुढे जाऊ नये.

आता प्रत्यक्ष वाचनाविषयी. उतारा मोठ्याने वाचावा, निदान ओठ हलले पाहिजेत. पहिल्या वाचनात कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि काय घडते एवढेच पाहावे. दुसऱ्या वाचनात सावकाश जावे आणि जिथे मन अडखळते तिथे थांबावे. उरलेला उतारा त्या दिवशी राहिला तरी चालतो. मग पुस्तक मिटून तीच गोष्ट आपल्या बोलीत, घरातल्या कोणाला सांगितल्यासारखी सांगून पाहावी. ही तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत अधिक लाभ तिथेच आहे. मार्कच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची हकीकत आहे. येशू यरीहोतून निघाला असता तो वाटेच्या कडेला बसून मोठ्याने ओरडतो, लोक त्याला दटावतात, तो अधिकच ओरडतो, आणि येशू थांबून त्याला विचारतो की, तुझ्यासाठी मी काय करावे? हा उतारा मी कितीतरी वेळा वाचला होता आणि दर वेळी स्वतःला त्या आंधळ्याच्या जागी ठेवले होते. एकदा आत्याला तो आमच्या बोलीत सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले आणि हातातल्या शेंगा सोलता सोलता विचारले, "अन् त्याला गप बस म्हननारे कोन होते?" त्या आठवड्यात दारावर आलेल्या एका माणसाला मी नीट न ऐकता वाटेला लावले होते. पुढचे चार दिवस मी दुसरा उतारा घेतला नाही.

प्रार्थना या अडखळण्यातूनच सुरू व्हावी. बाराव्या शतकातील गीगो नावाच्या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि अवलोकन अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे. शेवटची पायरी, म्हणजे काही न मागता देवाजवळ नुसते बसणे, आपल्या हाती नसते, पण पहिल्या तीन चढता येतात. वाचलेल्या वचनातला एखादा शब्द उचलून त्याच शब्दाने देवाशी बोलावे, आधी आपली चूक, मग आभार, मग मागणे. मागताना नावे घ्यावीत: ऊसतोडीला गेलेला शेजारी, घाटी रुग्णालयात भरती असलेली बहीण, पुण्याला नोकरी शोधणारा मुलगा. देवाला बातम्या पुरवण्याची मात्र गरज नाही. व्यासपीठावरची भारदस्त भाषा घरी आणण्याचीही नाही. ज्या मराठवाड्यात पैठणचे एकनाथ आणि गंगाखेडची जनाबाई देवाशी घरच्या शब्दांत बोलले, तेथील ख्रिस्ती माणसाला उसनी भाषा कशाला हवी? रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, आणि पुढे ख्रिस्तभक्तीसाठी त्यांनी अभंगच हाती घेतला.

एक साधी वही ठेवावी. तारीख, अध्याय-वचन आणि एक ओळ, बस. "आज फार आशीर्वाद मिळाला" असली ओळ लिहू नये. महिन्याने वाचल्यावर तिच्यातून काहीच कळत नाही. जे समजले नाही ते प्रश्न म्हणून लिहावे आणि रविवारी पाळकसाहेबांना विचारावे. दैनिक मननाच्या पुस्तिका चांगल्या असतात, पण त्या वचन वाचून झाल्यावर उघडाव्यात, अन्यथा दुसऱ्याचे मनन वाचण्यातच आपले मनन राहून जाते.

काही आठवडे असे येतात की वाचलेले आत उतरत नाही. पीक गेलेले असते, घरात मृत्यू झालेला असतो, किंवा काहीच झालेले नसते. अशा वेळी स्तुतीची स्तोत्रे बळेच म्हणू नयेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत, आणखी किती काळ, असा प्रश्न चार वेळा आला आहे, आणि ८८वे तर अंधारातच संपते. ही दोन्ही आपल्यासाठीच शास्त्रात ठेवली आहेत. तेवढेही होत नसेल तर प्रभूची प्रार्थना एकदा, प्रत्येक वाक्यानंतर श्वास घेत म्हणावी.

रात्रीची कौटुंबिक उपासना दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये. वाचन मुलांकडे द्यावे, आणि नबुखद्नेस्सर हे बाबेलच्या राजाचे नाव म्हणताना ती अडली तर हसू द्यावे. "उपासना संगीत" या गीतपुस्तकातले एक गीत, एक परिच्छेद, प्रत्येकाचे एक वाक्य प्रार्थनेचे. लाईट गेली तर वाचन बंद पडू नये, म्हणून महिन्याला एक स्तोत्र सर्वांनी मिळून पाठ करावे. सुरुवात ११७व्याने करावी. त्याला दोनच वचने आहेत.