सातबारा, विम्याची पावती ड्राइव्हवर टाकून ठेवा
कापूस वेचणीच्या धांदलीत फोन पडतो, भिजतो. मग त्यातला सातबारा, पीकविम्याची पावती कुठून आणणार? गूगल ड्राइव्ह म्हणजे फाइली ठेवायचं इंटरनेटवरचं कपाट, तिथे 15 जीबी जागा फुकट मिळते. त्यातच जीमेल आणि गूगल फोटोही बसतात, म्हणून लग्नाचे व्हिडिओ तिथे भरू नका. ॲपमधल्या ‘स्कॅन’ने कागदाची स्वच्छ पीडीएफ होते. नावात वर्ष आणि गट नंबर घाला, ‘सातबारा 2025 गट 42’ असं. ऐनवेळी शोधाशोध होत नाही. गावात टॉवर धरत नसेल तर बाजाराच्या दिवशी दिग्रसला, आर्णीला गेलात की अपलोड करा. सेतूवाल्याला फाइल देताना लिंक सगळ्यांना उघडी ठेवू नका, फक्त त्याचा जीमेल पत्ता टाका. काम झालं की तो पत्ता काढून टाका. जीमेलचा पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा, नव्या फोनवर तोच लागतो.