डीप सायकल बॅटरीला किती अँपिअरने चार्ज करावं?

डीप सायकल म्हणजे पुन्हा पुन्हा बरीच रिकामी करून भरता येणारी बॅटरी, जशी इन्व्हर्टरची किंवा सोलरची. चार्जर घ्यायला निघण्याआधी तिच्यावरचं लेबल वाचा. तिथे ‘१५० एएच, सी-२०’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ही बॅटरी साडेसात अँपिअरचा लोड २० तास चालवेल. आपल्याला त्यातला एएचचा, म्हणजे अँपिअर-अवरमधल्या क्षमतेचा, आकडा लागतो. कंपनीने कमाल चार्जिंग करंट दिला असेल, तर खालच्या कुठल्याही हिशेबापेक्षा तोच खरा माना.

आता प्रकार बघा. पाणी घालायची लेड-अॅसिड बॅटरी असेल तर करंट एएचच्या १० ते १३ टक्के ठेवा. १५० एएचला १५ ते १९ अँपिअर झाले. एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली सीलबंद बॅटरी) २० टक्के सहज घेते, काही ३० सुद्धा. जेलच्या (आम्ल जेलीसारखं घट्ट केलेल्या बॅटरीच्या) बाबतीत मी १०-१५ च्या वर जाणार नाही, कारण घाईने चार्ज केलं की वायूचे बुडबुडे जेलमध्ये पोकळ्या पाडतात आणि त्या पुन्हा भरून येत नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेटला २० ते ५० टक्के चालतं. फक्त तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करू नका.

बॅटऱ्या एकापेक्षा जास्त असतील तर जोडणी बघा, इथे हमखास गोंधळ होतो. १५० एएचच्या दोन बॅटऱ्या पॅरलल असतील तर हिशेब ३०० एएचचा, म्हणजे ३० अँपिअर. सिरीजमध्ये असतील तर व्होल्टेज दुप्पट होतं, एएच १५० च राहतात आणि करंटही १५ च. चार्जिंग चालू असताना लोड ५ अँपिअर खात असेल, तर तेही चार्जरच्या आकड्यात धरा.

‘हळू चार्ज केलेली बॅटरी जास्त टिकते’ असं सर्रास ऐकू येतं. पाण्याच्या बॅटरीला रोज वापरायचं असेल तर हा सल्ला महागात पडतो. समजा १५० एएचची बॅटरी रोज निम्मी रिकामी होते. गेलेले ७५ एएच परत भरायला ८५-९० घालावे लागतात, कारण थोडं वाया जातंच. चार अँपिअरच्या चार्जरने याला बावीस तास लागतील. तेवढ्यात पुन्हा लोड सुरू होतो आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. रिकामी होताना प्लेटांवर जमलेलं सल्फेट कडक होत जातं. शिवाय जड आम्ल तळाशी बसतं आणि वर पाणचट थर राहतो, कारण ते ढवळायला शेवटी येणारे बुडबुडे लागतात आणि तिथवर चार्जिंग पोचतच नाही.

करंट फार जास्त झाला तर बॅटरी तापते, पाणी भराभर उडतं आणि प्लेटांवरचा लगदा सुटून तळाशी साचतो.

करंट ठरवला की पहिल्या चार्जिंगला जवळ थांबा. जागा हवेशीर हवी, कारण हायड्रोजन बाहेर पडतो. तासाभराने केबलला क्लॅम्प मीटर लावून अँपिअर मोजा. चार्जरवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्षातला करंट जुळतोच असं नाही. बॅटरी कोमट लागली तर ठीक. आम्ल ५० अंशांकडे जाऊ लागलं तर चार्जिंग बंद करा, थंड होऊ द्या आणि करंट कमी करून बघा.

१२ व्होल्टची बॅटरी साधारण १४.४ व्होल्टला पोचली की करंट आपोआप उतरू लागतो. चार्जर बिघडला असं समजून तो काढू नका. शेवटचे २० टक्के भरायला काही तास जातातच. मग पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक सेल तपासा. सगळे १.२६५ च्या आसपास आले की बॅटरी भरली.

डिस्टिल्ड वॉटर यानंतर घाला. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये आम्ल फुगून झाकणातून बाहेर येतं आणि टर्मिनल खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच, त्या जेमतेम बुडतील इतकं पाणी आधी घाला.