कोंबडी जखमी आणि कोंबडा मारका: आधी काय करायचं?

पाठीची पिसं उडालेली, पंखाखालचं कातडं फाटलेली कोंबडी दिसली की आमच्या मनोरीत पहिला संशय मुंगसावर, नाहीतर बोक्यावर जातो. बऱ्याचदा चोर घरातलाच असतो. म्हणून औषध शोधण्याआधी जखम कुठे आहे ते बघा. कोंबडा वर चढताना त्याची नखं आणि पायामागचा काटा रुततो, त्यामुळे पाठ सोलवटते आणि पंखाखाली कुशीत कातडं फाटतं. तो चोचीने धरतो त्या तुऱ्यामागच्या जागेवरचीही पिसं गेलेली असतात. दातांची भोकं असतील, जखम मानेला किंवा शेपटीकडे आणि तीही रात्रीतून झालेली असेल, तर ते बाहेरच्या जनावराचं काम. तिथे खुराड्याची जाळी दुरुस्त करा. मांजर चावलं असेल तर जखम इवलीशी दिसली तरी डॉक्टरच गाठा, ती आतून पिकते.

पहिलं काम: कोंबडी बाजूला काढा

धुणं-पुसणं नंतर. उघडं रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात, कालची मैत्रीणसुद्धा. डालग्याखाली किंवा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. तळाला जुनं सुती कापड घाला, भुसा जखमेला चिकटतो. आपल्याकडच्या मे महिन्यात खोकं म्हणजे भट्टी, हे विसरू नका. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागली तर तिला वारा हवा आहे.

मग जखम

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबून धरा आणि सारखं उचलून बघू नका. मग अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा आणि सुई काढलेल्या सिरिंजने जखम धुवा. माती, पिसांचे तुकडे निघून जाईपर्यंत धुवा, यात कंजुषी नको. भोवतीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. त्यावर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं बेटाडीन लावा. जखम बधिर करणारं माणसांचं मलम किंवा घरातली वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.

हळदीबद्दल भांडण होणार हे मला ठाऊक आहे. खरचटलेल्यावर चिमूटभर चालेल. पण खोल जखमेत हळद कोंबली की वर खपली धरते आणि घाण आत राहते.

मुंबईच्या पावसाळ्यात खरा शत्रू माशी. तिने जखमेत अंडी घातली तर एका दिवसात अळ्या होतात. डालग्यावर जुनी मच्छरदाणी टाका आणि सकाळ-संध्याकाळ जखम उजेडात बघा, वासही घ्या. अळ्या, दुर्गंधी, आतलं मांस दिसणारी मोठी फाट, किंवा दिवसभर दाण्याला न शिवणारी कोंबडी यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टर. मनोरीहून मार्वेची बोट, मग मालाड, मग परळचं बैलघोडा हॉस्पिटल यात अख्खा दिवस जातो, म्हणून आधी फोन करा. प्रतिजैविकं दिली तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे तिथेच विचारून घ्या.

नवी पिसं यायला प्रथिनं लागतात. उकडलेलं अंडं कुस्करून द्या, किंवा मीठ जाईपर्यंत धुतलेला सुका जवळा. आमच्या कबरी नावाच्या कोंबडीने आजारपणातही जवळ्याला कधी नाही म्हटलं नाही.

आता कोंबडा

कोंबडी बरी करून परत त्याच्याच ताब्यात दिलीत तर सगळी मेहनत पाण्यात. एका कोंबड्यामागे साधारण आठ-दहा कोंबड्या हव्यात. माझ्याकडे पाचच होत्या आणि त्यातही त्याची लाडकी एकच, म्हणजे चूक माझी. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, पिल्लं हवी असतील तरच लागतो. तेव्हा त्याला जाळीपलीकडे वेगळा ठेवा. पायाचा काटा फार टोकदार असेल तर रात्री तो पेंगत असताना धरून टोक कानशीने घासा. टोकच फक्त, कारण आत हाड आणि रक्त असतं.

माणसांवर धावणारा कोंबडा बहुतेक वेळा वयात येताना, पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर बिघडतो. लाथ मारलीत तर त्याला कुस्ती मिळाली. पाठ दाखवून पळालात तर तो जिंकला. त्याऐवजी सूप किंवा जाड पुठ्ठा पायांपुढे धरून जागेवर उभे राहा. तो थंडावला की सावकाश निघा. जमलं तर पंख दाबून काखेत घ्या आणि निवळेपर्यंत फिरवा. लहान मुलांना अंडी आणायला एकटं पाठवू नका, त्यांचे डोळे त्याच्या उडीच्या टप्प्यात असतात. काटा लागलाच तर साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

महिनाभर हे करूनही सुधारला नाही, तर शेजारच्या मावशी म्हणतात तेच: आखाड लांब नाही. मला त्यात पाप वाटत नाही. फक्त हा मारका कोंबडा पोरं असलेल्या घरी गुपचूप देऊ नका.

परत कळपात

जखमेवर पूर्ण कातडं आलं, लालसर ओल उरली नाही, की आधी तीन-चार दिवस कोंबडीला जाळीआडून बाकीच्यांच्या नजरेत ठेवा. मग एका रात्री, सगळ्या झोपल्यावर, तिला दांडीवर बसवा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत चहा घेऊन खुराड्यापाशी बसा. दाणे दोन ठिकाणी टाका. दोन-चार टोचण्या होणारच, त्या होऊ द्या. तिघी मिळून एकीला कोपऱ्यात घ्यायला लागल्या तरच उठा.