डाळिंबाच्या हस्त बहाराची छाटणी: टोळी कुणाच्या बागेतून आली, ते आधी विचारा

पोळा झाला, पूर्वा नक्षत्र सुरू आहे. डाळिंबाचा हस्त बहार, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी धरायचा बहार, धरणाऱ्यांनी बागांचं पाणी तोडून त्या ताणावर सोडल्यात आणि छाटणी टोळ्यांच्या मुकादमांचे फोन सारखे व्यग्र लागतायत. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ या पट्ट्यात येत्या चार-सहा आठवड्यांत कात्री लावायची घाई होईल. आपल्याकडे पावसाचा जोर असतो तोही याच दिवसांत. म्हणजे झाडावर ताज्या जखमा, हवेत ओल आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत फिरणारी माणसं. तेल्याला, म्हणजे डाळिंबावरच्या जीवाणूजन्य करप्याला, यापेक्षा वेगळं आमंत्रण लागत नाही.

फवारणीचं वेळापत्रक सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडून मिळतं, ते तिथूनच घ्या. इथं सांगायचंय ते फवारणीच्या आधीचं.

आपण रोगाचा हिशेब अंतरावर करतो. 'शेजारच्या बागेत आलाय, आता आपल्याकडं येणार.' काही अंशी हे खरंही आहे. वाऱ्यासोबतच्या पावसानं जीवाणूचे शिंतोडे झाडावरून झाडावर आणि बांधापलीकडे जातात. पण दहा किलोमीटरवरच्या बागेतला तेल्या मधल्या चार बागा सोडून थेट तुमच्याकडं उतरतो, तो वाऱ्यानं नव्हे. तो गुटीच्या (झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेल्या) रोपातून येतो, नाहीतर कात्रीच्या पात्यावरून. रोगाच्या लेखी तुमचा शेजारी म्हणजे ज्याच्या बागेत काल तीच कात्री चालली तो. त्याचं नाव गाव तुम्हाला माहीतही नसेल.

साथीचा अभ्यास करणारे लोक संगणकावर नेमकं हेच मांडतात. प्रत्येक बाग म्हणजे एक ठिपका. दोन बागांमध्ये माणूस, अवजार, रोप किंवा पाणी गेलं की मध्ये एक रेघ. असं जाळं काढायचं, एका ठिपक्यात रोग सोडायचा आणि फासे टाकत पुढं पाहायचं. एका खेळातून काहीच कळत नाही. तोच खेळ हजारो वेळा खेळायचा आणि कुठली बाग किती वेळा सापडते ते मोजायचं. त्यालाच मॉडेल म्हणतात. त्याच्या मुळाशी असलेलं गणित 1927 साली केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघांनी मांडलं. एका रोग्यापासून सरासरी एकापेक्षा जास्त जणांना लागण होत असेल तर साथ वाढते, एकापेक्षा कमी असेल तर विझते. एक बाग दोघींना देत असेल तर 1, 2, 4, 8, 16 असं करत पाच फेऱ्यांत 31 बागा होतात. तेच सरासरी अर्ध्यावर आणलं, तर कितीही फेऱ्या झाल्या तरी सगळी बेरीज दोनाच्या पुढं जात नाही. रोग शून्यावर आणायची गरज नाही, त्याला एकाच्या खाली दाबलं तरी पुरतं.

मागच्या हंगामात आम्ही तिघांनी हे वस्तीवरच्या ओट्यावर खडूनं करून पाहिलं. एक टोळी ओळीनं आठ बागा करते असं धरलं आणि तिसरी बाग तेल्याची मानली. म्हणजे तिच्यामागं पाच बागा. प्रत्येकीसाठी नाणं उडवायचं, काटा पडला तर लागण, छापा पडला तर सुटका. संध्याकाळभर नाणं उडवून पाचही बागा सुटल्यात असं एकदाच झालं. हिशेबही तसाच आहे, 32 खेळांत सरासरी एकदा. मग नाणं ठेवून दिलं आणि एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. '1' हाच आकडा निघाला तर लागण, म्हणजे कात्री निर्जंतुक केल्यावर धोका निम्म्यावरून एक दशांशावर आला असं मानलं. आता 100 खेळांत साधारण 59 वेळा पाचही बागा कोऱ्या राहतात. निम्मा आणि एक दशांश हे आमच्या खेळातले मानलेले आकडे आहेत, कुठं मोजलेले नाहीत. पण खरी गंमत शेवटच्या खेळात आली. तीच तेल्याची बाग तिसऱ्या नंबरावरून उचलून आठव्यावर नेली. तिच्यामागं कुणीच उरलं नाही, त्यामुळं टोळीमार्फत जाणारा रोग शून्य. औषध नाही, खर्च नाही, फक्त तारखांची अदलाबदल. एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसून सगळं बघत होते. ते म्हणाले, "एवढं सांगायला नाणं कशाला पायजे होतं? देवीची साथ यायची तवा आजारी घरातलं जेवणखाण बी शेवटालाच व्हायचं."

म्हणून पहिलं काम हे की मुकादमाशी दराआधी क्रमाचं बोला. आधी नव्या आणि निरोगी बागा, मग जुन्या, आणि ज्या बागेत मृगात तेलकट डाग दिसले होते ती सर्वांत शेवटी. ज्याची बाग शेवटी जाते त्याला राग येतो, आपली बाग नासकी ठरवली असं वाटतं. त्याची छाटणी आठ दिवस लांबली म्हणून झाडामागं मजुरीत थोडी सूट द्यायला बाकीच्यांनी तयार व्हावं. एका बागेच्या औषधपाण्याच्या खर्चापुढं ती रक्कम काहीच नाही.

दुसरं काम, गावातली सर्वांत जास्त जोडलेली जागा शोधायची. इथं संगणकवाल्यांनी एक फार सोपी युक्ती काढली आहे. 1991 मध्ये स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञानं दाखवलं की बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा सरासरी जास्त मित्र असतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण ज्याच्या ओळखी जास्त त्याचं नाव जास्त जणांच्या तोंडी येणार, एवढाच त्याचा अर्थ. 2003 मध्ये कोहेन, हॅवलिन आणि बेन-अव्राहम यांनी त्यावरून लस कुणाला द्यावी याचं उत्तर काढलं. उठसूट कुणालाही देऊ नका. कुणालाही गाठा, त्याला त्याच्या ओळखीतला एक माणूस सांगायला लावा आणि लस त्या माणसाला द्या. सगळ्या गावाचं जाळं माहीत नसलं तरी चालतं.

आपल्याकडं हे असं करायचं. पारावर, दूध संकलनावर, खताच्या दुकानात, जिथं भेटतील तिथं पाच-सात बागायतदारांना तीनच प्रश्न विचारा. गेल्या वर्षी छाटणी कुठल्या टोळीनं केली? रोपं कुठून आणली? विरळणीला, फळतोडणीला कोण आलं? जे नाव तीनदा आलं तिथं पहिली बादली ठेवा. मी बादली म्हणतोय ते खरोखरची बादली.

त्या बादलीत सोडियम हायपोक्लोराइटचं अडीच टक्के द्रावण. बाजारात मिळणारं द्रावण किती टक्क्यांचं आहे ते कॅनवर वाचून त्याप्रमाणं पाणी घाला. पाच टक्क्यांचं असेल तर निम्मं-निम्मं. प्रत्येक गड्याला दोन कात्र्या द्या. एक हातात, दुसरी बादलीत. झाड संपलं की अदलाबदल. एकच कात्री बुडवून लगेच काढणं म्हणजे नुसतं समाधान, पात्याला द्रावणात थोडा वेळ मिळाला पाहिजे. उन्हात ठेवलं तर हे द्रावण मरतं, तेव्हा बादली झाडाखाली, झाकून, आणि दुपारच्या सुट्टीनंतर नवीन. पात्याला गंज चढतो म्हणून गडी कुरकुर करतात आणि त्यांची कुरकुर खरी आहे. संध्याकाळी कात्री साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायची जबाबदारी मालकानं घ्यावी. हे द्रावण दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळू नका, हातमोजे घाला. सकाळी दव सुकल्याशिवाय कात्री लावू नका. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट त्याच दिवशी, दहा लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. छाटलेला पाला-फांद्या बांधावर ढीग करून ठेवणं म्हणजे रोगाला वर्षभराचा मुक्काम देणं. तो गोळा करून जाळा.

जास्त जोडलेला माणूस दिसतो तरी. न दिसणारा वेगळाच असतो. समजा गावात दोन टोळ्या आहेत, एक आठ बागा करते, दुसरी सहा, आणि त्यांच्या बागा वेगळ्या. वरवर दोन वेगळी जाळी. पण एक गडी असा असतो की इकडं काम नसलं की तिकडं जातो, स्वतःची धार लावलेली कात्री कमरेला खोचून. त्याच्या नावावर रेघा मोजक्या, पण चौदाही बागा जोडल्या जातात त्या त्याच्यामुळं. जाळ्याच्या अभ्यासात अशा पुलांना वेगळं मोजतात, कारण तो एक ठिपका झाकला की जाळ्याचे दोन तुकडे होतात. त्याला कामावरून काढायचं नाही, उलट असा गडी बहुधा सर्वांत चांगला छाटणारा असतो. बागेची कात्री बागेतच ठेवा आणि त्याला तीच वापरायला द्या. हजार-बाराशेची कात्री जाते, पूल तुटतो.

2022 साली लम्पी या गुरांच्या त्वचारोगाच्या साथीत राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवले तेव्हा सांगोल्याच्या बाजारावर पोट असणाऱ्यांनी खूप शिव्या दिल्या. नुकसान झालंच. पण बाजार हा जाळ्यातला सर्वांत मोठा ठिपका. ब्रिटनमध्ये 2001 साली लाळ्या-खुरकुत कळायच्या आधीच मेंढ्या बाजारांतून देशभर गेल्या होत्या आणि शेवटी 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

एक सावधगिरी. सगळ्या रोगांचं जाळं एक नसतं. तेल्याची रेघ कात्री, रोप आणि शिंतोडे. सगळं झाडच वाळवणाऱ्या मर रोगाची रेघ माती, रोप, वाहतं पाणी आणि खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा. तिथं कात्रीपेक्षा ट्रॅक्टरच्या टायरला लागलेला चिखल आणि वरच्या शेतातून फुटून आलेला ओघळ महत्त्वाचा. तेल्याच्या नकाशावर मरीचा उपाय केला तर पैसे जातील आणि झाडही जाईल.

आणि अॅपबद्दल. हवामानावर चालणारी रोग-अंदाजाची मॉडेलं उपयोगी आहेत. महावेध या राज्याच्या स्वयंचलित हवामान प्रकल्पाची केंद्रं महसूल मंडळ पातळीवर आहेत, त्यामुळं पाऊस, आर्द्रता, तापमान आता पूर्वीपेक्षा जवळचं मिळतं. पण मॉडेलला तुम्ही जे दाखवाल तेच दिसतं. माझ्या बागेत एका कंपनीनं पानाचा ओलावा मोजणारं यंत्र बसवलं होतं. सलग नऊ दिवस मोबाइलवर लाल इशारा, 'पान ओलं, धोका अतिशय जास्त'. बाहेर कडकडीत ऊन. दोन जादा फवारण्या झाल्यावर शिडी लावून पाहिलं तर यंत्राच्या पट्टीवर आमच्याच बोर्डोच्या चुन्याचा थर बसला होता. ओल्या फडक्यानं पुसल्यावर इशारा गेला. फोन केला तर कंपनीचा माणूस म्हणाला, पट्टी पुसणं करारात येत नाही. तेव्हा फवारणीनंतर यंत्र पुसा. आणि अॅपला तुमच्या टोळीची वाट माहीत नाही, ती वहीतच असते.

त्या वहीत तीन रकाने पुरे: तारीख, कोण आलं, आधी कुठं होतं. छाटणीनंतर नव्या पानावर पाणीदार, पुढं काळपट होणारे आणि कडेला पिवळी छटा असलेले डाग दिसले, किंवा फळावर डाग पडून ते इंग्रजी एल-वायच्या आकारात तडकले, तर फवारणीचा पंप काढायच्या आधी वही उघडा. डाग दिसतात त्याच्या काही दिवस आधीच जीवाणू आत शिरलेला असतो, म्हणून गेल्या तीन-चार आठवड्यांतल्या नोंदी पाहा. मागं कुठून आला ते शोधण्यात बरेच जण दिवस घालवतात, भांडणंही होतात. आधी पुढचे फोन करा, तुमच्यानंतर ती टोळी ज्या-ज्या बागेत गेली त्यांना. त्यांच्याकडं अजून डाग दिसत नसतील, म्हणूनच त्यांना वेळ आहे.

मुकादमाला मात्र आजच गाठा. उत्तरा लागलं की तारखा पक्क्या होतात. अजून त्याच्या डायरीत त्या पेन्सिलीनं लिहिलेल्या असतील.