एमएच पासिंगची जुनी गाडी बेळगावात घेताना टॅक्सची तपासणी

कोल्हापूर, सांगली किंवा गोव्यातली जुनी गाडी बेळगावातल्या तशाच गाडीपेक्षा स्वस्त मिळते, त्यामागे बरेचदा कर्नाटकचा लाइफ टॅक्स, म्हणजे नोंदणीवेळी एकदाच भरायचा वाहन कर, असतो. ‘टॅक्स लाइफटाइम भरलाय’ असं विकणारा सांगतो ते खरंही असतं. पण तो पैसा महाराष्ट्राच्या किंवा गोव्याच्या तिजोरीत गेलेला आहे. गाडी केए पासिंग, म्हणजे कर्नाटकच्या नंबरची, करून घेताना तो धरला जात नाही, इथला टॅक्स नव्याने भरावा लागतो. म्हणून भाव ठरवण्याआधी हा आकडा काढा. विसार दिल्यावर तो कळून उपयोग नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७ प्रमाणे परराज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या माणसाने स्वतःची गाडी घेऊन रोज बेळगावला येणं यात येत नाही, गाडीचा मुक्काम चंदगडातच असतो. पण खरेदी करणारा शहापूरचा किंवा खानापूरचा असेल, तर त्याच्या पत्त्यावर गाडी चढवताना नंबर बदलणं आणि टॅक्स भरणं ओघानेच आलं.

आता हिशोब. कर्नाटकात खासगी कारचा लाइफ टॅक्स गाडीच्या नवेपणीच्या किमतीवर लागतो: ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाख १४, १० ते २० लाख १७ आणि त्यावर १८. या टॅक्सवर ११ टक्के सेस. ८ लाखांची कार असेल तर १४ टक्क्यांनी १,१२,००० आणि सेसचे १२,३२० मिळून १,२४,३२० रुपये होतात. जुन्या गाडीला वयाप्रमाणे यातला ठरावीक हिस्साच भरायचा असतो, आणि गाडी जितकी जुनी तितका तो कमी. लोक चुकतात ते इथे: तुम्ही गाडी ३ लाखांना घेतली म्हणून टॅक्स ३ लाखांवर लागत नाही, मूळ ८ लाखच धरले जातात. म्हणून विकणाऱ्याकडे शोरूमचं पहिलं इन्व्हॉइस मागा. त्याची आणि आरसीची झेरॉक्स घेऊन आपल्या आरटीओत अंदाज काढून घ्या. हा आकडा आणि पासिंगचा खर्च एमएच गाडीच्या भावात मिळवा आणि मग केए पासिंगच्या तशाच गाडीशी ताडून बघा. कार दोन-तीन वर्षांचीच असेल तर स्वस्ताईतला मोठा भाग इथेच संपतो. दहा-बारा वर्षांच्या गाडीत मात्र व्यवहार परवडू शकतो.

कागद बघायला परिवहन सेवा किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. फक्त टॅक्सच्या रकान्यावर थांबू नका. आरसीची स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे का, एनओसी (दुसऱ्या आरटीओत नोंदणीसाठीचा ना-हरकत दाखला) आधीच दुसऱ्या आरटीओकडे निघालेली आहे का, फायनान्सचा बोजा दिसतो का, गाडी ब्लॅकलिस्टमध्ये आहे का आणि फिटनेसची तारीख कुठली, हे सगळं बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्या टोकाला आलेली गाडी घेतलीत तर नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्सचा खर्च आणखी वाढतो. मालकाचं नाव अ‍ॅपवर अर्धवट झाकलेलं येतं, तेव्हा विकणाऱ्याला त्याच्या मोबाइलवर डिजिलॉकरमधली आरसी उघडून दाखवायला सांगा. ई-चलनांची थकबाकी वेगळ्या पोर्टलवर दिसते, तीही बघा. शेवटी चेसिस नंबर आरसीशी एकेक अक्षर करून जुळवा. गंजलेल्या पाटीवर ३ आणि ८ हमखास गफलत करतात.

गाडी एमएच पासिंगची, पण काही वर्षं बेळगावातच फिरतेय, असंही सीमाभागात पुष्कळ दिसतं. त्याची खूण फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये सापडते. कोगनोळी नाक्यावरून गाडी इकडे आली आणि पुढे वर्षाहून जास्त काळ फक्त हत्तरगी नाक्याच्याच नोंदी असतील, तर बारा महिन्यांची मुदत कधीच उलटलेली आहे. अशा गाडीत मागच्या टॅक्सचा आणि दंडाचा प्रश्न निघू शकतो आणि तो पासिंगच्या वेळी तुमच्यासमोर येतो. हे पैसे कोण देणार ते करारात लिहा.

मुख्य कागद म्हणजे एनओसी, फॉर्म २८. ती विकणाऱ्याने त्याच्या आरटीओतून काढायची, तुम्ही नव्हे. गाडीवर कर्ज होतं तर आधी फॉर्म ३५ देऊन एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवून घ्यायची. बँकेचं ‘कर्ज फिटलं’ हे पत्र एवढ्यावर काम होत नाही, आरसीवरून बोजा निघालेला दिसला पाहिजे. एनओसीवर आरटीओचं नाव नेमकं हवं: बेळगाव आणि खानापूरसाठी केए २२, निपाणी आणि चिकोडीसाठी केए २३. निपाणीच्या माणसाने बेळगावच्या नावाची एनओसी आणली की नवी काढायला पुन्हा कोल्हापूरला हेलपाटा. एनओसी हातात पडेपर्यंत रकमेतला चांगला भाग मागे ठेवा. ‘एनओसी आठ दिवसांत पाठवतो’ या शब्दावर पूर्ण पैसे दिले की विकणाऱ्याला घाई उरत नाही.

एनओसी आली की आपल्या आरटीओत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरसाठी फॉर्म २७, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि इन्व्हॉइस एकदमच द्या. गाडी तपासणीला न्यावी लागते. विकणाऱ्याने परराज्यातल्या विक्रीची खबर ४५ दिवसांत द्यायची असते, तुम्ही ३० दिवसांत. कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या घेऊन गाडी वर्षभर तशीच चालवणं दोघांनाही जोखमीचं आहे. नोंदणीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

टॅक्स वाचवायला गाडी चंदगडच्या मामाच्या नावावर घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. गाडी वापरणार तुम्ही, पॉलिसी आणि आरसी मामाच्या नावावर. गाडी चोरीला गेली तर दावा मामाचा. उद्या वाटणी निघाली तर गाडीही मामाचीच.

बेळगाव लष्करी गाव असल्याने बदली झालेल्या जवानांच्या बीएच (भारत सिरीज) नंबरच्या गाड्याही विकायला निघतात. त्यांचा टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो, लाइफटाइम नसतो. मुदत कधी संपते ते बघा, कारण उशिराला दिवसाला १०० रुपये दंड आहे. तुम्ही बीएच नंबरला पात्र नसाल तर केए नंबर घेऊन इथला टॅक्स भरावा लागेल.

केए पासिंगची गाडी राज्यातच विकली गेली तर लाइफ टॅक्स गाडीबरोबर येतो, नवा लागत नाही. मालवाहू गाडीत ‘टॅक्स कुठपर्यंत भरला’ ही तारीखच बघा आणि शेवटची पावती घ्या. उसाच्या ट्रॅक्टरला ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. ट्रॅक्टरचे कागद चोख आणि ट्रॉली बिननंबरची, असा माल अथणी-कागवाड पट्ट्यात बघायला मिळतो. दोन्हींचे कागद स्वतंत्र मागा.

नवा नंबर पडला की महाराष्ट्रातल्या भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो. अर्ज जुन्या आरटीओत करायचा, सोबत टॅक्सची मूळ पावती आणि नव्या आरसीची प्रत. परताव्याची रक्कम वयाप्रमाणे घटते, तेव्हा नंबर हातात आल्यावर लगेच अर्ज करा. तो पैसा विकणाऱ्याचा की तुमचा, यावरून पुढे वाद होतात. सौद्याच्या करारात एक ओळ घाला आणि मूळ पावती गाडीबरोबरच ताब्यात घ्या.